घसा एक, वाटा दोन

घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. दहा वेळा खाकरले तरी ते निघत नाही आणि गिळले तरी उतरत नाही. अशी तक्रार केली की घरातील वडील माणसे म्हणतात, "सर्दी घशात उतरली." पुष्कळदा ते खरेही असते. पण काही वेळा या तक्रारीचे मूळ नाकात नसून पोटात असते.

प्रथम वरची वाट पाहू. नाकाचे व त्याभोवतालच्या पोकळ्यांचे, म्हणजे सायनसचे, अस्तर दिवसाकाठी सुमारे एक लिटर श्लेष्मा तयार करते. श्लेष्मा म्हणजे साध्या मराठीत शेंबूड! नाव ऐकून नाक मुरडू नका. धूळ व जंतू पकडण्याचे काम तोच करतो. अस्तरावरील सूक्ष्म रोम एका तालात हलून त्याचा थर मिनिटाला सुमारे ६ मिलिमीटर या वेगाने घशाकडे सरकवतात आणि आपण तो नकळत गिळतो. तेव्हा नाकातून घशात गळणे ही निरोगी माणसाचीही रोजचीच गोष्ट आहे. सर्दीने वा ॲलर्जीने श्लेष्मा वाढला किंवा घट्ट झाला, म्हणजे मगच त्याची जाणीव होते.

आता खालची वाट. जठररसाचा सामू २ च्या आसपास असतो, तर शुद्ध पाण्याचा ७. सामूचे एकेक अंतर दहा पटींचे असल्याने या रसातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण पाण्यातल्यापेक्षा १ लाख पट ठरते. असा रस वर येऊ नये म्हणून अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंचे एक कडे आवळलेले असते. तेथील दाब जठरातील दाबाहून पाऱ्याच्या १० ते ३० मिलिमीटरने अधिक असतो. पाऱ्याचे १५ मिलिमीटर धरले, तर तो पाण्याच्या सुमारे २० सेंटिमीटर उंच स्तंभाचा दाब होतो. गणित स्वतः करून पाहा. दुसरा पहारेकरी गुरुत्वाकर्षण. प्रौढ माणसाची अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. उभ्या माणसात रसाला ही चढण चढावी लागते. आडवे पडताच चढण नाहीशी होते. शिवाय भरल्या पोटी ते कडे अधूनमधून सैल पडते. ढेकर येते ती याचमुळे, आणि तिच्याबरोबर रसाचे तुषारही वर येऊ शकतात.

अन्ननलिका थोडेफार आम्ल सहन करते. स्वरयंत्राजवळचे अस्तर मात्र फार नाजूक. म्हणून छातीत मुळीच जळजळ न होताही घसा खवखवू शकतो. रसातील पेप्सिन तेथे चिकटून राहते व पुन्हा आम्ल आले की कामाला लागते. चिडलेले अस्तर बचावासाठी अधिक श्लेष्मा सोडते, आणि आपल्याला वाटते नाकच गळते आहे! मग आपण खाकरतो, स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सूज वाढते आणि पुन्हा खाकरावेसे वाटते. दिवसभर बोलणाऱ्या शिक्षकांनी खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यावा.

मग आम्ल कमी करणारी गोळी घ्यावी काय? २०१० साली अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी, ॲलर्जी वा सायनसचा विकार नसूनही घशात गळत असल्याची तक्रार असलेल्या ७५ जणांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. लॅन्सोप्रॅझोल घेणाऱ्यांना, औषध नसलेल्या हुबेहूब गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक आराम पडला. २०२१ साली ब्रिटनमधील ३४६ जणांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. घशाची जुनी तक्रार असलेल्या या रुग्णांत त्याच औषधाने काहीच जास्त फायदा दिसला नाही. मला यात विरोध वाटत नाही. पहिल्या प्रयोगात नाकाची कारणे आधीच वगळली होती. सरसकट प्रत्येक घशाला आम्लाची गोळी देणे मात्र चुकीचे. गिळताना अडकणे, थुंकीत रक्त, वजन घटणे किंवा तीन आठवड्यांहून अधिक आवाज बसणे यांपैकी काही असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

एरवी आठवडाभर वहीत नोंद ठेवा. शिंका व वाहते नाक यांच्याबरोबर त्रास होत असेल, तर नाकावर संशय घ्यावा. जेवणानंतर किंवा आडवे पडल्यावर होत असेल, तर पोटावर. पोटाच्या बाबतीत झोपण्यापूर्वी तीन तास आधी जेवणे आणि खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलणे हे बिनखर्चाचे उपाय आहेत. नुसत्या उशा वाढवून भागत नाही, कारण त्यांनी कंबरेत वाकून पोटावर उलट दाब येतो. डाव्या कुशीवर झोपल्यास अन्ननलिकेचे तोंड जठरातील रसाच्या पातळीवर राहते, उजव्या कुशीवर ते त्यात बुडते. दोन्ही स्थितींची आकृती काढली, की हे लगेच ध्यानात येईल.