माथा राहिला, मग चढाई फुकट गेली का?

शंका : सर, मी पुण्यात नोकरी करते. पैसे साठवून गेल्या ऑगस्टमध्ये लडाखमधल्या कांग यात्से-२ (६,२५० मीटर) या शिखरावर गेले होते. माथा दीडशे-दोनशे मीटर उरला असताना माझ्या दोरावरच्या एका सहकाऱ्याचा तोल जाऊ लागला आणि गाइडने आमचा सगळा दोर खाली वळवला. मला स्वतःला काहीही त्रास नव्हता. दुसऱ्या दोरावरच्या मंडळींचे माथ्यावरचे फोटो ग्रुपवर आले. घरचे म्हणतात, ‘प्रयत्न केलास ना, तेच महत्त्वाचं.’ ते ऐकलं की जास्तच रडू येतं. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, पुणे

समाधान : तुमचं काहीही चुकत नाही. घरचे मायेने बोलतात, पण तुम्हाला माथा किती हवा होता हे त्या बोलण्यात कुठे येतच नाही, म्हणून ते लागतं. माथा मनापासून हवा असतो म्हणूनच माणूस मध्यरात्री तंबूबाहेर पडून गारठलेल्या बोटांनी क्रॅम्पॉनचे पट्टे आवळतो. ती ओढ खोटी ठरवू नका. वाईट वाटणारच, वाटू द्या.

आता त्या दोराकडे या. सहा हजार मीटरवर दमून पाय जड होणं वेगळं आणि तोल जाणं वेगळं. तोल जाणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असू शकतं. आम्ही अशा वेळी माणसाला सरळ रेषेत, पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या बोटांना टेकवत, दहा पावलं चालायला लावतो. भेलकांडला, तर चर्चा तिथेच संपते. त्याला ताबडतोब खाली न्यायचं आणि एकट्याला पाठवायचं नाही. ‘थोडं बसतो, बरं वाटेल’ हे तो स्वतःच सांगत असतो आणि नेमकं त्याचंच डोकं तेव्हा धड चालत नसतं. त्यात सकाळचं ऊन चढलं की त्या उतारावरचा बर्फ मऊ पडतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि आजारी माणसाला उतरवणं दुप्पट अवघड होतं. गाइडने वेळ न दवडता योग्य तेच केलं.

तुम्ही धडधाकट होतात म्हणूनच तो माणूस खाली येऊ शकला, हेही लक्षात घ्या. उतरताना दोर ताणून कुणी धरला होता? तुम्हीच ना? मोहिमेच्या वहीत ‘शिखर झालं नाही’ एवढंच लिहून थांबू नका. किती उंचीवरून, किती वाजता, कशामुळे वळलो आणि उतरायला किती वेळ लागला, हे सगळं लिहा. पुढच्या मोहिमेचा नेता तुम्हाला हेच विचारणार आहे.

स्वीडनचा योरान क्रोप १९९५ मध्ये घरून सायकलवर निघून नेपाळला पोहोचला. स्वतःचं सामान स्वतः वाहून, कृत्रिम ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढायचं त्याने ठरवलं होतं. १९९६च्या मे महिन्यात माथा सुमारे शंभर मीटर उरला असताना उशीर झाला म्हणून तो मागे फिरला. नंतर, १० मेच्या वादळात त्याच पर्वतावर आठ जणांचे बळी गेले. २३ मेला क्रोप पुन्हा चढला आणि माथ्यावर पोहोचला. कांग यात्सेही कुठे जात नाही. पुढच्या मोसमाची तयारी आतापासून लावा.

शंका : मी निवृत्त शिक्षक आहे. मुलगा गिर्यारोहण करतो आणि म्हणतो, यशापेक्षा संघर्ष मोठा. मला ही हरणाऱ्यांची समजूत वाटते. इतिहास एव्हरेस्टवर पोहोचलेल्यांचीच नावं लक्षात ठेवतो. तुमचं मत काय?
– एक वाचक, कोल्हापूर

समाधान : गुरुजी, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. नुसत्या संघर्षाला मीही मोठेपणा देत नाही. अपुरे कपडे, अपुरं पाणी, सराव नाही आणि मग सोसलेल्या हालांचं कौतुक, असला संघर्ष डोंगरात माणसं मारतो. हाल सोसले म्हणजे चढाई चांगली झाली असं होत नाही.

उरलेल्या अर्ध्यासाठी १९५३ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेकडे पाहा. माथ्यासाठी पहिली जोडी निघाली ती हिलरी-तेनसिंगची नव्हे, तर चार्ल्स इव्हान्स आणि टॉम बोर्डिलन यांची. २६ मेला ते दक्षिण शिखरावर, सुमारे ८,७५० मीटरवर पोहोचले. तिथवर त्यांच्याआधी कुणीच गेलं नव्हतं. माथा जेमतेम शंभर मीटर उंच उरला होता. पण दुपार झाली होती आणि इव्हान्सचा ऑक्सिजन संच नीट चालत नव्हता. बोर्डिलनला पुढे जायचं होतं. गेलो तर परत येणार नाही, हे इव्हान्सने ओळखलं आणि दोघे फिरले. पुढची धार कशी आहे हे त्यांनी खाली येऊन सांगितलं. वाटेत त्यांनी ठेवलेली, थोडा ऑक्सिजन उरलेली दोन नळकांडी हिलरी-तेनसिंगना २९ मेला उतरताना उपयोगी पडली. इतिहास दोन नावं घेतो हे खरं, पण त्या दोघांच्या परतीच्या श्वासांत इव्हान्स आणि बोर्डिलनचा वाटा होता.

खुद्द तेनसिंगचंही बघा. आदल्याच वर्षी तो स्विस गिर्यारोहक रेमंड लँबर्टबरोबर सुमारे ८,६०० मीटरवरून परतला होता. १९५३ मध्ये माथ्यावर त्याच्या गळ्यात लाल स्कार्फ होता, तो लँबर्टनेच दिलेला. वर पोहोचलेल्या माणसाला आपण कुणाच्या पावलांवरून आलो याची इतकी जाण होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आणि इव्हान्स? दोनच वर्षांनी तो कांचनजंगा मोहिमेचा नेता झाला. २५ मे १९५५ला जो ब्राउन आणि जॉर्ज बँड ८,५८६ मीटरच्या त्या शिखराजवळ पोहोचले आणि अगदी टोकाच्या काही फूट अलीकडे थांबले. सिक्कीमच्या लोकांना हा पर्वत पवित्र, म्हणून माथ्यावर पाऊल ठेवणार नाही असा शब्द मोहिमेने दिला होता. तरीही ती पहिली यशस्वी चढाई मानली जाते. म्हणून मुलाला ‘पोहोचलास का?’ एवढंच विचारू नका. कुठून वळलास, का वळलास, बरोबरचे सगळे आले का, हेही विचारा. उत्तरं नीट आली तर मुलगा तयार होतोय. नुसतंच ‘संघर्ष केला’ म्हणाला, तर तुमची शंका रास्त आहे, त्याला जरूर फैलावर घ्या.

शंका : बेसिक कोर्समध्ये ‘बी’ ग्रेड मिळाली. मित्र म्हणतात, ग्रेडला काय अर्थ, अनुभव महत्त्वाचा. हे बरोबर आहे का?
– एक विद्यार्थी, सातारा

समाधान : नाही. अॅडव्हान्स कोर्सला ‘ए’ ग्रेड लागते, तेव्हा ग्रेडला अर्थ आहेच. पण गुण कुठे गेले ते आधी शोधा. बऱ्याच मुलांचे ते ओझं घेऊन चालण्यात, नाहीतर दोराच्या गाठी हातमोजे घालून वेळेत न बांधता आल्याने जातात. तुम्ही साताऱ्यात आहात, अजिंक्यताऱ्याचा चढ घराजवळ आहे. पाठीवर आधी दहा किलो घ्या आणि हळूहळू वीसवर जा. गाठी रात्री दिवा मालवून, हातमोजे घालून बांधा. फिगर-ऑफ-एट न बघता जमली की मला पुन्हा लिहा, पुढचा सराव सांगतो.