*इंजिन चालू होत नाही? कॉइल विकत घेण्याआधी एक वायर सोडवून बघा*

पनवेल-उरण पट्ट्यात खाडीची खारी हवा आणि पावसाची ओल, यामुळे पॉवर वीडर, ग्रास कटर, पेट्रोल पंप यांचं वायरिंग लवकर गंजतं. तण वाढलेलं, पहाटे वाशी मार्केटला माल पोचवायचा, आणि मशीन अडतं. मग घाईत आपण थेट नवीन कॉइल आणतो. बसवलेला पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून आधी हा क्रम पाळा.

(डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. त्यांनी फक्त मुद्दा ४ वाचावा.)

*१) प्लग काढून बघा*
▪️ कोरडा: पेट्रोल पोचत नाही. कॉक, फिल्टर, कार्बोरेटर बघा.
▪️ ओला: पेट्रोल येतंय. ठिणगी तपासा.
▪️ काळा: साफ करा. चार स्ट्रोक इंजिनात गॅप साधारण ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवा.

*२) ठिणगी तपासा*
पेट्रोलचा कॉक बंद करा, सांडलेलं पेट्रोल पुसा. प्लग टोपीत बसवा. प्लगच्या भोकापासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला प्लगची बाजू टेकवा. टोपी रबरी मुठीच्या पकडीने धरा. स्विच ऑन करून सावलीत दोरी ओढा. निळसर, जोरदार ठिणगी दिसली तर ठीक. नाही दिसली तर नवा प्लग लावून पुन्हा बघा.

*३) कॉइलची बारीक वायर सोडवा* 👈 महत्त्वाचं
स्विच ऑफ केला की कॉइलचा करंट या वायरने बॉडीला जातो आणि ठिणगी थांबते. वायर घासून बॉडीला टेकली किंवा स्विचमध्ये पाणी गेलं, तर मशीन कायम 'ऑफ'च राहतं. काही चार स्ट्रोक इंजिनांत ऑइल कमी झालं की सेन्सरही असंच बंद करतो. उतारावर मशीन तिरपं असलं तरी हे होतं. म्हणून आधी सपाट जागेवर ऑइल बघा.

वायर सोडवून पुन्हा दोरी ओढा.
▪️ ठिणगी आली: कॉइल चांगली आहे. दोष वायर, स्विच किंवा सेन्सरमध्ये.
▪️ नाही आली: मॅग्नेटचा गंज पॉलिश पेपरने काढा. कॉइल आणि मॅग्नेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकीच फट ठेवा. तरीही नाही, तर मग कॉइल बदला.

⚠️ ही वायर सोडून मशीन शेतात चालवू नका. स्विचने बंद होणार नाही.

*४) सेल्फ-स्टार्ट आणि बॅटरी*
अशा बहुतेक छोट्या पेट्रोल इंजिनांत ठिणगी मॅग्नेट-कॉइलच तयार करतात, बॅटरी नाही. दोरीने चालू होतं पण सेल्फने नाही, तर बॅटरीकडे बघा. १२ व्होल्ट बॅटरीवर मीटर लावा:
▪️ इंजिन बंद: १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी.
▪️ इंजिन चालू, मध्यम वेग: १३.५ ते १४.५ हवेत.
▪️ आकडा वाढत नाही: टर्मिनल, फ्यूज, कनेक्टरवरचा हिरवा गंज बघा. मग रेग्युलेटर.
▪️ १५ च्या वर: रेग्युलेटर खराब.

⚠️ इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नका, रेग्युलेटर जळू शकतो.

मेकॅनिककडे जाताना तीन गोष्टी सांगा: प्लग ओला की कोरडा, वायर सोडल्यावर ठिणगी आली का, मीटरचा आकडा किती. अंदाजाने पार्ट बदलायची वेळ येणार नाही.

मेसेज जपून ठेवा. अडचण असल्यास प्लगचा फोटो ग्रुपवर टाका.