नागपूरची थंडी आणि शेंदरी बोंडअळी

कडाक्याची थंडी पडली की शेतातील कीड आपोआप मरते, असा समज ग्रामीण भागात आढळतो. कपाशीवरील शेंदरी, म्हणजेच गुलाबी, बोंडअळीच्या बाबतीत तो खरा नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. तरीही पुढील हंगामांत ही कीड विदर्भात आढळतच राहिली.

कीटकांना स्वतःची अशी शरीराची ऊब नसते. सभोवतालचे तापमान उतरते तसे त्यांचे जीवनव्यापार मंदावतात व त्याचा परिणाम प्रजननावर तत्काळ दिसतो. गार रात्री पतंगांचे उडणे व मीलन कमी होते. एरवी चार-पाच दिवसांत फुटणारी अंडी रेंगाळतात. सुमारे १३ अंशांखाली अळीची वाढ जवळजवळ थांबते. परंतु थांबणे म्हणजे मरणे नव्हे. दिवस लहान व हवा गार होऊ लागली की पूर्ण वाढलेल्या अनेक अळ्या कोषावस्थेत न जाता सुप्तावस्था पत्करतात आणि दोन सरक्या धाग्याने जोडून त्यांच्या पोकळीत किंवा किडक्या, वाळल्या बोंडात कित्येक महिने पडून राहतात.

त्यातच नागपूरची थंडी मुख्यतः रात्रीची. डिसेंबरातही दुपारी पारा २८ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी शेतात हिरवी बोंडे असली, तर सर्वच अळ्या सुप्त होत नाहीत. काही संथपणे का होईना, पुढची पिढी वाढवितात. पाणी देऊन फरदड घेण्याचा मोह येथेच महाग पडतो. २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीची जी हानी झाली, तिच्यामागे बीटी वाणांना दाद न देणाऱ्या अळीबरोबरच लांबविलेला हंगामही होता.

म्हणूनच नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्था डिसेंबरअखेर पीक संपविण्याचा सल्ला देते. मात्र एकट्या शेतकऱ्याने तो पाळून भागत नाही. सरपणासाठी बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या आणि जिनिंगच्या आवारातील किडकी सरकी यांतून निघणारे पतंग शिवाराची हद्द ओळखत नाहीत. पऱ्हाट्यांची विल्हेवाट आणि जिनिंगमध्ये कामगंध सापळे हा त्यामुळे सबंध गावाचा विषय ठरतो.

मे-जूनच्या सरींनंतर सुप्त अळ्यांपासून पतंग बाहेर पडतात. त्यांचे आयुष्य थोड्या दिवसांचे. त्या सुमारास कपाशीला पाते-फुले नसतील, तर त्यांची संतती जगत नाही. मान्सूनपूर्व लावलेली कपाशी मात्र त्यांना नेमकी वेळेवर पाते पुरविते.