वेब अ‍ॅप्लिकेशन करून घेताना : तंत्रज्ञान कसे निवडावे?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या दुकानांत आता वहीच्या शेजारी संगणक आला आहे. घरातला शिकलेला मुलगा किंवा भाचा म्हणतो, "ऑर्डर घेण्यासाठी आपले स्वतःचे वेब अ‍ॅप्लिकेशन करू या." करून देणारा येतो. रिअ‍ॅक्ट, नोड, लारावेल, मोंगो अशी नावे घेतो. मालक मान डोलावतो आणि आगाऊ रक्कम देऊन मोकळा होतो. फळी घेताना चार ठिकाणी टिचकी मारून पाहणारा माणूस येथे मात्र एकही प्रश्न न विचारता व्यवहार करतो. हे प्रश्न कोणते, ते या लेखात पाहू.

उदाहरण रत्नागिरीकडील हापूसच्या पेट्यांच्या आगाऊ नोंदणीचे घेतले आहे. पण हिमरू विणणारे, फर्निचर करणारे, टॉवेल-चादरींचा व्यापार करणारे यांनाही हेच मुद्दे लागू पडतात.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या आंब्याच्या धंद्यासाठी आम्ही असे अ‍ॅप्लिकेशन करून घेतले. एका हुशार तरुणाने ते त्या वेळी नुकत्याच आलेल्या साधनांवर तयार केले. पहिला हंगाम छान गेला. दुसऱ्या वर्षी तो नोकरीसाठी आखातात गेला आणि ऐन एप्रिलमध्ये नोंदी उघडेनाशा झाल्या. तीन जाणकारांना दाखवले. ते साधन आम्ही शिकलेलो नाही, असे तिघांनीही सांगितले. सर्व्हरचे खाते त्या तरुणाच्या नावावर होते. कोणी किती आगाऊ रक्कम दिली, याचा एकही कागद आमच्याकडे नव्हता. शेवटी ग्राहक सांगेल ती रक्कम खरी मानून पेट्या पाठवल्या. पैशाचे नुकसान पुढे भरून निघाले. पण "तुम्ही किती दिले होते?" हा प्रश्न दोन जुन्या ग्राहकांना अपमानाचा वाटला आणि ते पुन्हा आले नाहीत.

दोष त्या तरुणाचा कमी आणि आमचा जास्त होता. साधन नवे आहे, एवढेच आम्ही पाहिले. तो नसताना ते कोण सांभाळणार, हे विचारले नाही.

आधी काम कागदावर लिहा

दुकानाचे संकेतस्थळ म्हणजे पाटी. वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणजे चालती वही. पाटी बिघडली तर पुन्हा रंगवता येते. वही बिघडली तर लोकांचे हक्क बुडतात. म्हणून तंत्रज्ञानाचे नाव निघण्यापूर्वी वहीत काय लिहायचे आहे ते ठरवावे. आंबेवाल्याची यादी अशी होईल : ग्राहकाचे नाव, मोबाईल, पत्ता, पेट्या किती, पेटी किती डझनाची, दर, आलेली रक्कम, पाठवण्याची तारीख, कोणत्या गाडीने पाठवली, खराब निघालेल्या फळांचा हिशेब. ही वही कोण उघडणार तेही लिहावे : घरी दोन फोन, वाशीच्या बाजारातील गाळ्यावर एक.

यादी लिहिली की दोन गोष्टी उघड होतात. पहिली, काम केवढे आहे. हंगामात दोन-चार हजार नोंदी म्हणजे कोणत्याही चांगल्या डेटाबेसला किरकोळ काम आहे. "उद्या लाखो ग्राहक आले तर?" असे सांगून कोणी महागडी व गुंतागुंतीची रचना सुचवत असेल, तर तो तुमच्या गरजेबद्दल बोलत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःच्या अ‍ॅप्लिकेशनची खरोखर गरज आहे का. ओळखीच्या दीडशे ग्राहकांना पेट्या देणाऱ्याला वही, संगणकावरील तक्ता आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरेसे आहे. तयार माल दर लावून विकायचा असेल, तर वर्डप्रेसवर चालणारे वूकॉमर्स किंवा मासिक भाड्याने मिळणारे शॉपिफाय यांसारखी तयार दुकाने आहेत. ती स्वस्त पडतात. आपल्या धंद्याचा एखादा नियम तयार साधनात बसत नसेल, तरच स्वतंत्र अ‍ॅप्लिकेशनचा खर्च करावा.

आंब्याच्या धंद्यात असा नियम आहे. फळ तयार होण्याची चिन्हे दिसण्यापूर्वी ते विकण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. दुसरीकडे, आगाऊ पैसे देऊन फळ घेण्याच्या व्यवहाराला, म्हणजे सलमला, माप, वजन व मुदत ठरलेली असावी या अटींवर परवानगी दिली आहे. ही शिकवण बुखारी व मुस्लिम या हदीस संग्रहांत आली आहे. बहुतेक फकीहांच्या मते सलममध्ये पूर्ण रक्कम आधी द्यावी लागते आणि अमुकच बागेचे फळ अशी अट घालता येत नाही. म्हणजे थोडी रक्कम घेऊन केलेली नोंदणी आणि पक्का सलम हे दोन वेगळे व्यवहार झाले. तयार दुकानाचे साधन मात्र बटण दाबताच दोन्हींना "विक्री" म्हणून मोकळे होते. आपल्या वहीत "नोंदणी", "सलम" आणि "विक्री" असे तीन रकाने हवेत. नोंदणीची रक्कम परत करण्याची सोयही हवी. आपले व्यवहार कोणत्या रकान्यात बसतात ते आलिमांना विचारावे आणि मगच करून देणाऱ्याला सांगावे.

तीन भाग समजून घ्या

कोणत्याही वेब अ‍ॅप्लिकेशनचे तीन भाग असतात. ग्राहकाला ब्राऊझरमध्ये दिसतो तो दर्शनी भाग. सर्व्हरवर हिशेब करणारा आतला भाग. आणि नोंदी साठवणारा डेटाबेस, म्हणजे तिजोरीतली वही.

सर्वांत जास्त काळजी डेटाबेसची घ्यावी. पडदा बदलता येतो, आतला हिशेब पुन्हा लिहिता येतो. गेलेल्या नोंदी परत येत नाहीत. ज्या नोंदींचे एकमेकींशी नाते आहे (या ग्राहकाची ही रक्कम, या रकमेच्या या पेट्या) त्यांच्यासाठी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल यांसारखा तक्त्यांचा डेटाबेस घ्यावा. पोस्टग्रेएसक्यूएलचे मूळ काम १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात सुरू झाले. मायएसक्यूएल १९९५ चा आहे. दोन्ही विनामूल्य मिळतात. त्यांचा एक गुण व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. रक्कम जमा करणे आणि शिल्लक पेट्या कमी करणे या दोन नोंदी एका गाठीत बांधता येतात. मध्येच वीज गेली, तर एकतर दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. अर्धवट नोंद राहत नाही. करून देणाऱ्याला विचारा, "ही गाठ तुम्ही कोठे कोठे बांधणार?" त्याने ती जागा दाखवली पाहिजे.

आतल्या भागासाठी पर्याय पुष्कळ आहेत. पीएचपी १९९५ पासून आहे. वर्डप्रेस २००३ मध्ये व लारावेल २०११ मध्ये त्यावरच उभे राहिले. पायथन १९९१ चे आहे आणि त्यावरील जँगो २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. जँगोचा जन्म अमेरिकेतील लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. रोजच्या मुदतीत पाने व नोंदी तयार करणे, हे तिथले काम होते. नोड २००९ चे आहे. यांपैकी कोणतेही वाईट नाही. आंब्याच्या नोंदणीसारखे काम प्रत्येकात उत्तम होते.

दर्शनी भागासाठी २०१३ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्टचा आग्रह बऱ्याचदा धरला जातो. एकाच पडद्यावर क्षणाक्षणाला आकडे बदलत असतील, उदाहरणार्थ अनेकजण एकाच वेळी बोली लावत असतील, तर त्याचा उपयोग आहे. फॉर्म भरा आणि नोंद करा, एवढेच काम असेल, तर सर्व्हरने तयार करून पाठवलेली साधी पाने पुरतात. ती अशक्त नेटवर्कवरही उघडतात. शिवाय एकाऐवजी दोन प्रोग्राम सांभाळण्याचा खर्च वाचतो.

नवे की जुने?

फ्लॅश हे एके काळी जगभर वापरले जाणारे साधन होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा पाठिंबा संपला आणि त्यावर बांधलेली कामे ब्राऊझरमध्ये बंद पडली. मायक्रोसॉफ्टचे सिल्व्हरलाईट २०२१ मध्ये गेले. गूगलने २०१० मध्ये आणलेल्या अँग्युलरजेएसचा पाठिंबाही २०२१ संपताना थांबला. मोठ्या कंपनीचे नाव म्हणजे दीर्घायुष्याची हमी नव्हे.

पण जुने घेतले म्हणजे निश्चिंत झालो, असेही समजू नये. पीएचपीची ७.४ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२२ नंतर सुरक्षा-दुरुस्त्यांविना राहिली. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला. ज्यांनी आवृत्ती बदलली नाही, त्यांच्या दाराचे कुलूप जुनेच राहिले. बागेला जशी दरवर्षी साफसफाई व फवारणी लागते, तशी अ‍ॅप्लिकेशनलाही लागते. म्हणून बनवण्याच्या खर्चाबरोबरच वार्षिक देखभालीचा खर्च पहिल्या दिवशीच विचारावा.

निवडीची खरी कसोटी अशी आहे : हा माणूस उद्या नसेल, तर आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या शहरात हे काम जाणणारे आणखी चार जण मिळतील का? त्यांच्याशी आधीच फोनवर बोलून घ्यावे. कलम लावताना बागायतदार खुंटही पाहतो आणि काडी कोणत्या झाडाची हेही विचारतो. तसेच येथे साधनही पाहावे आणि ते जाणणारी माणसेही मोजावीत. दोन साधने सारखीच चांगली असतील, तर ज्याची माणसे जास्त मिळतात ते घ्यावे.

किल्ल्या आपल्याकडे

डोमेनचे नाव आपल्या नावावर नोंदवावे. सर्व्हरचे खाते आपल्या ईमेलवर असावे. प्रत्येक टप्प्यानंतर कोडची प्रत घ्यावी. हंगामात रोज आणि एरवी दर आठवड्याला डेटाबेसची प्रत वेगळ्या ठिकाणी जावी. ती प्रत महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवण्यास सांगावे. उघडून न पाहिलेली प्रत असून नसल्यासारखीच. भाड्याचे तयार साधन घेतले, तरी सर्व नोंदी तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात का, हे पैसे देण्यापूर्वी करून पाहावे.

भाषेची परीक्षाही घ्यावी. जुन्या मराठी फाँटमध्ये भरलेली नावे दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे होतात. सगळे युनिकोडमध्येच हवे. मायएसक्यूएल असेल, तर "यूटीएफ८एमबी४" ही मांडणी ठेवा, असे सांगावे. जुन्या तीन बाइटच्या "यूटीएफ८" मांडणीत काही चिन्हे साठवताच येत नाहीत. उर्दू नावे उजवीकडून डावीकडे नीट दिसतात का, मराठीत टाकलेले नाव शोधल्यावर सापडते का, हे आपल्या ग्राहकांची दहा नावे टाकून पाहावे.

पैसे स्वीकारताना कार्डाचे क्रमांक स्वतः साठवू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ते साठवता येत नाहीत. हे काम पेमेंट गेटवेकडे सोपवावे किंवा यूपीआय वापरावे. गेटवे अनेकदा व्याजाच्या हप्त्यांचा पर्यायही दाखवतो. तो बंद ठेवता येतो का, हे निवडीपूर्वीच विचारून घ्यावे. ग्राहकाचा पत्ता व मोबाईल क्रमांक हीसुद्धा अमानत आहे. आवश्यक तेवढेच घ्यावे आणि दुसऱ्या कोणालाही देऊ नये.

करार लेखी करा

मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनच्या सूरह अल-बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे. ही कुरआनमधील सर्वांत लांब आयत आहे. तरीही आपले लोक नात्यातल्या मुलाला काम देताना "घरचेच आहे" म्हणून कागद करत नाहीत. कागद अविश्वासासाठी नसतो, पुढे नाते टिकावे म्हणून असतो. त्यात काम काय, रक्कम किती, मुदत कोणती, कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती, कोड कोणाच्या मालकीचा आणि देखभाल किती दिवस, हे स्पष्ट असावे. पैसे टप्प्याटप्प्याने, चालते काम पाहून द्यावेत. पहिल्या टप्प्यात फक्त नोंदणी आणि पावती असावी. बाकीचे पुढच्या हंगामात करावे.

आमच्यासारख्या आंबेवाल्याला आज सल्ला द्यायचा झाला, तर तो असा : लारावेल किंवा जँगो यांपैकी जे जाणणारे जवळ मिळतात ते घ्या, खाली पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल ठेवा, पाने साधी ठेवा आणि सर्व्हर लहान घ्या. काम दिवाळीनंतर लगेच सुरू करा. मोहोर धरेल तोवर चाचणी संपली पाहिजे. पहिल्या हंगामात कागदी वहीही बरोबरीने लिहा आणि दर जुम्याच्या आदल्या रात्री दोन्ही ताळे जुळवून पाहा.

ताळे महिनाभर सतत जुळले, की समजावे निवड योग्य झाली. मग पुढच्या वर्षी कागदी वही कपाटात ठेवता येईल, इन्शाअल्लाह.