शाळा आधीं, कॉलेज मागून

मॅट्रिक ही पूर्वीं मुंबई विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा असे. ती उतरल्यावांचून कॉलेजचें दार उघडत नसे. मुलांची ही तयारी करून घेणारीं हायस्कुलें बहुधा सरकारी अगर मिशनचीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं सरकारी नोकरी सोडली आणि टिळक व नामजोशी यांसह १ जानेवारी १८८० रोजीं पुण्यांत खासगी न्यू इंग्लिश स्कूल काढलें. पहिलें वर्षभर टिळकांनीं वेतन घेतलें नाहीं. कोशकार वामन शिवराम आपटे येऊन मिळाले, पुढें आगरकरही आले. असे गुरु लाभलेल्या मुलांचा आमच्या विद्यार्थ्यांस हेवा वाटल्यास नवल नाहीं!

पण तयार झालेल्या मुलांनीं पुढें शिकावें कोठें? चालकांनीं १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापिली व १८८५ च्या जानेवारींत स्वतःचें फर्ग्युसन कॉलेज उघडलें.

खानदेशांतही क्रम हाच, मात्र विलंब फार. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत साने गुरुजींनीं १९२४ पासून १९३० पर्यंत शिकविलें. तेथील प्रताप कॉलेज निघालें १९४५ सालीं. तोंवर अमळनेरच्या मुलास मॅट्रिकनंतर परगांवची वाट धरावी लागे, आणि तो खर्च प्रत्येक बापास झेपत नसे.