टोळधाडीचा नकाशा: जिओसर्व्हरची टॉमकॅटवर उभारणी

मे २०२० च्या अखेरच्या आठवड्यात वाळवंटी टोळांचे थवे जयपूर शहरात शिरले आणि निवासी वसाहतींतील झाडांवर उतरले. जयपूर जिल्ह्यातील सामोद येथे त्यांच्या नियंत्रणासाठी ड्रोनने फवारणी करण्यात आली. त्याच सुमारास विदर्भात अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतही थवे दिसले आणि मोर्शी, वरुड, काटोल या संत्रा पट्ट्यातील शेतकऱ्यांची झोप उडाली. वाऱ्याची साथ मिळाल्यास थवा दिवसाला १०० ते १५० किलोमीटर अंतर कापतो. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. दिवसा उडणारा थवा सायंकाळी झाडाझुडपांवर स्थिरावतो आणि सकाळी ऊन तापल्यावर पुन्हा उडतो. फवारणीसाठी मिळतो तो एवढाच अवधी. थवा नेमका कोठे उतरला, ही माहिती त्या रात्रीच फवारणी पथकाच्या हाती पडली नाही, तर दुसऱ्या दिवशी तिचा उपयोग केवळ इतिहासापुरता उरतो.

स्थानाइतकाच टोळाचा रंगही महत्त्वाचा असतो. गुलाबी टोळ अपरिपक्व असतात. ते खातात आणि दूरवर उडतात, परंतु अंडी घालत नाहीत. पिवळे टोळ परिपक्व असतात. ते जेथे उतरतात तेथे ओलसर वाळूमिश्रित जमीन असल्यास पुढील पिढीची तजवीज झाली असे समजावे. म्हणून नकाशावर गुलाबी आणि पिवळ्या थव्यांची चिन्हे वेगळी दिसणे आवश्यक असते. असा नकाशा विस्तार कार्यकर्त्याच्या मोबाइलवर उघडावा, यासाठी सर्व्हरवर एखादी नकाशा-प्रणाली बसवावी लागते. जिओसर्व्हर ही त्यासाठी जगभर वापरली जाणारी, विनामूल्य आणि मुक्त स्रोत असलेली जावा वेब प्रणाली आहे. कृषी विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्रातील एका साध्या संगणकावरही ती चालते. महाराष्ट्रात २००९-१० पासून राबविल्या जाणाऱ्या ‘क्रॉपसॅप’ प्रकल्पामुळे कीड सर्वेक्षणाच्या नोंदी संगणकावर भरण्याची सवय अनेकांना झालेली आहे. येथे मात्र नोंद भरल्यानंतर पुढे काय घडते, याचा विचार करावयाचा आहे.

आवृत्त्यांची जुळणी

जावा वेब प्रणाली स्वतंत्रपणे चालत नाही. तिला चालविण्यासाठी एक अनुप्रयोग सर्व्हर लागतो. टॉमकॅट हा त्यांतील सर्वाधिक परिचित. प्रणालीच्या सर्व फाइली ‘वॉर’ प्रकारच्या एकाच गठ्ठ्यात बांधलेल्या असतात. हा गठ्ठा टॉमकॅटच्या ‘वेबअ‍ॅप्स’ फोल्डरमध्ये ठेवला की टॉमकॅट तो आपोआप सोडवितो, त्याच नावाचे फोल्डर तयार करतो आणि प्रणाली सुरू करतो. त्यानंतर त्याच संगणकावरील ब्राउझरमध्ये पोर्ट ८०८० आणि पुढे ‘जिओसर्व्हर’ असा पत्ता दिल्यास प्रवेशाचे पान दिसते. काम इतके सोपे भासते, आणि म्हणूनच त्यातील अडचणी नंतर डोके वर काढतात.

पहिली अडचण आवृत्तीची. जिओसर्व्हरच्या २ मालिकेतील आवृत्त्या टॉमकॅट ९ साठी लिहिलेल्या आहेत. टॉमकॅट १० पासून जावाच्या मूलभूत संचांची नावे ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ अशी बदलली. परिणामी नवे ते चांगले, या समजुतीने टॉमकॅट १० बसविल्यास गठ्ठा सुटतो, फोल्डरही दिसते, परंतु पान उघडत नाही. अशा वेळी प्रणाली पुन्हा पुन्हा उतरवून घेण्यात वेळ घालवू नये; टॉमकॅटच्या ‘लॉग्ज’ फोल्डरमधील ताजी नोंद वाचावी, कारण तेथेच लिहिलेले असते. जावाची आवृत्तीही जिओसर्व्हरच्या निवडलेल्या आवृत्तीशी जुळती हवी, २.२५ साठी जावा ११ किंवा १७ चालते.

नोंदींचे फोल्डर बाहेर ठेवावे

या संपूर्ण उभारणीत सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि घाईत नेमका तोच राहून जातो. जिओसर्व्हर प्रथम सुरू होते तेव्हा नकाशाचे थर, रंग-चिन्हांच्या शैली, वापरकर्ते आणि त्यांचे परवाने हे सर्व ‘डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. हे फोल्डर सुटलेल्या गठ्ठ्याच्या आत, म्हणजे ‘वेबअ‍ॅप्स’मध्येच असते. अनेक ठिकाणी गावांच्या सीमांच्या आणि निरीक्षणांच्या फाइलीही सोयीसाठी तेथेच टाकल्या जातात. पुढे नवी आवृत्ती आली की जुना गठ्ठा काढून नवा ठेवला जातो. टॉमकॅट आपल्या नियमाप्रमाणे जुने फोल्डर पुसतो आणि नवे सोडवितो. कीटक कात टाकतो तेव्हा जुनी त्वचा मागे राहते, आतील जीव सुखरूप बाहेर पडतो; येथे कातीबरोबर जीवही जातो. संपूर्ण हंगामाची निरीक्षणे त्या फोल्डरमध्ये असतील, तर पुढील वर्षी थव्यांचा मार्ग ताडून पाहण्यासाठी काहीही शिल्लक राहत नाही.

उपाय सोपा आहे. टॉमकॅट बंद करून ‘डेटा’ फोल्डर त्याच्या कक्षेबाहेर, शक्यतो वेगळ्या डिस्कवर न्यावे. टॉमकॅट ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्यालाच या फोल्डरवर वाचण्याचा व लिहिण्याचा अधिकार द्यावा. मग टॉमकॅटच्या ‘बिन’ फोल्डरमध्ये ‘सेटएन्व्ह’ नावाची फाइल तयार करून तीत जिओसर्व्हरच्या माहिती-फोल्डरचा नवा पत्ता नोंदवावा. जावासाठी किती मेमरी राखून ठेवावयाची तेही याच फाइलीत लिहिता येते. टॉमकॅट सुरू केल्यावर जिओसर्व्हरच्या ‘सर्व्हर स्टेटस’ पानावर माहिती-फोल्डरचा पत्ता दिसतो. तो नवाच आहे, याची खात्री डोळ्यांनी करावी. प्रत्यक्ष निरीक्षणे तर फाइलींऐवजी पोस्टजीआयएससारख्या डेटाबेसमध्ये ठेवणे अधिक योग्य. त्यांची रोजची प्रत वेगळ्या संगणकावर जावी.

नवी आवृत्ती बसविणे टाळून हा धोका टाळता येईल, असे कोणास वाटेल. तसे करणे परवडणारे नाही. जुलै २०२४ मध्ये जिओसर्व्हरमधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. तिचा फायदा घेऊन कोणीही, पासवर्डशिवाय, दुरून सर्व्हरवर आपल्या आज्ञा चालवू शकत होता. २.२३.६, २.२४.४ आणि २.२५.२ या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली. त्यांहून जुनी आवृत्ती आजही कोठे चालू असल्यास ती त्वरित बदलावी. माहितीचे फोल्डर बाहेर असेल, तर त्याची प्रत काढून हा बदल निर्धास्तपणे करता येतो. एरवीचे बदल हिवाळ्यात करावेत, कारण भारतात टोळांचा मुख्य हंगाम पावसाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत असतो. सुरक्षिततेच्या दुरुस्तीसाठी मात्र हंगाम संपण्याची वाट पाहू नये. जुना गठ्ठा नवी आवृत्ती नीट चालेपर्यंत जपून ठेवावा. प्रणालीबरोबर येणारे ‘अ‍ॅडमिन’ हे नाव आणि ‘जिओसर्व्हर’ हा पासवर्ड सर्वज्ञात आहेत, हे वेगळे सांगावयास नको. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा.

गावाचे नाव आणि गावाची जागा

मराठी किंवा हिंदी नावे नकाशावर चौकोनांच्या स्वरूपात दिसू लागली, तर सर्व्हरवर देवनागरी फाँट नाही असे समजावे. नकाशाचे चित्र सर्व्हरवर तयार होते. पाहणाऱ्याच्या मोबाइलमध्ये फाँट असून उपयोग नसतो. नावांऐवजी विचित्र रोमन चिन्हे आली, तर दोष अक्षर-संकेताचा असतो. थराच्या स्रोतात ‘यूटीएफ-८’ निवडावे. शेपफाइल वापरणाऱ्यांनी आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. तीत स्तंभाच्या नावासाठी केवळ १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे स्तंभाला ‘टोळ’ हे नावसुद्धा जेमतेम मावते. स्तंभांची नावे रोमन लिपीत आणि आतील माहिती देवनागरीत, हीच व्यवहार्य वाट.

यापुढील चूक सर्व्हरवर होत नाही, शेतात होते. जीपीएस उपकरणाने अक्षांश २६ अंश ५५ मिनिटे दाखविला आणि नोंदणाऱ्याने तो २६.५५ असा लिहिला, तर बिंदू सुमारे ४० किलोमीटर दक्षिणेकडे सरकतो. कारण ५५ मिनिटे म्हणजे ०.९२ अंश. रात्री फवारणी यंत्र घेऊन निघालेले पथक भलत्याच गावात पोहोचते आणि थवा सकाळी निघून जातो. म्हणून सर्व उपकरणे दशांश अंशांवर लावून घ्यावीत आणि अर्जात जिल्ह्याच्या सीमेबाहेरचा बिंदू स्वीकारलाच जाणार नाही अशी तरतूद करावी. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल त्या मानाने निरुपद्रवी म्हणावी लागेल: जयपूरचे २६.९ आणि ७५.८ उलटे लिहिल्यास थवा नॉर्वेच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रात दिसतो आणि चूक तत्काळ लक्षात येते.

वेळेचेही तसेच. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर पहाटे साडेचार वाजता केलेल्या फवारणीची नोंद आदल्या दिवशीच्या रात्री अकराची म्हणून साठते. त्या दिवशीच्या नकाशात पहाटेची फवारणी दिसतच नाही. सर्व्हर व डेटाबेस यांची वेळ भारतीय प्रमाणवेळेवर लावावी, किंवा नोंदीबरोबर कालक्षेत्र साठवावे.

उभारणी पूर्ण झाल्यावर चाचणी कार्यालयात बसून करू नये. एका विस्तार कार्यकर्त्याने ज्या गावाची जागा त्यास नेमकी ठाऊक आहे तेथे जावे, सायंकाळी मोबाइलवरून एक गुलाबी आणि एक पिवळ्या थव्याची चाचणी नोंद करावी. दुसऱ्याने दुसऱ्या गावातून नकाशा उघडून रंग, गावाचे नाव, जागा आणि वेळ तपासावी. त्यानंतर टॉमकॅट एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा, तोच गठ्ठा काढून पुन्हा ठेवावा, आणि दोन्ही नोंदी जागच्या जागी आहेत का ते पाहावे. असतील, तर त्या पुसून टाकून प्रणाली हंगामासाठी खुली करावी.