पेज कुणाच्या नावावर?

हल्ली महिन्याकाठी एखाद्या तरी कार्यशाळेची जाहिरात मोबाइलवर येतेच. 'कलाकारांनो, ऑनलाइन विक्री शिका', 'घरबसल्या लाखोंची कमाई', 'मोजक्याच जागा शिल्लक'. लासलगाव, येवला, निफाड, नाशिक, कुठे ना कुठे हॉल घेतलेला असतो. ओळखीच्या बायका फोन करून विचारतात, "ताई, जाऊ का?" मी म्हणते, जरूर जा, पण त्याआधी अर्धा तास माझ्याशी बोला. त्या अर्ध्या तासात जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

माझं माहेर येवल्याचं. घरातच पैठणीचा माग, त्यामुळे शाळेतून आलं की रंगीत धाग्यांच्या तिल्ल्या भरायला बसायचं हे ठरलेलं. लग्नानंतर विंचूरला आले आणि पुढे इथेही मागच्या खोलीत माग बसवला. आता मी आणि जाऊबाई दोघी विणतो. आमचं गाव विंचूरकर सरदारांचं, त्यांच्या वाड्याचं. आज ते ओळखलं जातं कांद्यासाठी आणि वाइन पार्कसाठी. पैठणी घ्यायची म्हणून विंचूरला कुणी थांबत नाही, गाडी थेट येवल्याला जाते. आम्ही विणलेली साडीही येवल्याच्या दुकानातच जायची. मजुरी ठरलेली असायची. ती साडी पुढे कुणी नेसली, केवढ्याला घेतली, हे आमच्यापर्यंत कधी पोचायचंच नाही. म्हणून तालुक्याच्या गावी ऑनलाइन विक्रीची कार्यशाळा आहे असं कळलं, तेव्हा आम्ही दोघी मोठ्या आशेने गेलो.

पहिला दिवस फुकट होता आणि चांगलाही होता. फोटो खिडकीच्या उजेडात काढावा, ट्यूबलाइटखाली काढू नये. साडीबरोबर विणणारे हातही दिसू द्यावेत. खाली दोन ओळी आपल्या भाषेत लिहाव्यात. हे सगळं आजही आम्हाला उपयोगी पडतं. पुढच्या टप्प्याला फी होती, ती आम्ही भरली. त्या टप्प्यात प्रत्येकीचं पेज तयार झालं. पण त्याला ईमेल जोडला गेला आयोजकांचा आणि मोबाइल नंबरही त्यांचाच. कारण दिलं, "तुम्हाला ओटीपीचा ताप नको." शिकवणारे सर सारखे म्हणायचे, "ताई, तुम्ही फक्त विणा, बाकीचं आम्ही बघतो." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. दिवसभर मागावर बसणाऱ्या बाईला यापेक्षा गोड वाक्य कुठलं वाटणार?

पेज छान चाललं. पुण्याहून, ठाण्याहून विचारणा येऊ लागली, साड्या जाऊ लागल्या. मग आयोजकांनी आणखी पुढच्या टप्प्याची फी मागितली. आम्ही नको म्हटलं, आणि तिकडून उत्तरं येणं बंद झालं. पेज मात्र चालूच राहिलं. नाव आमचं, फोटो आमचे, जाऊबाई धोटा टाकतात तो व्हिडिओही आमचाच. आणि विक्रीला मात्र यंत्रमागावरच्या साड्या, तीन हजाराला.

आम्हाला हे कळलं ते पुण्याच्या एका आजींच्या फोनमुळे. नातीच्या लग्नासाठी त्यांनी त्या पेजवरून साडी मागवली होती. फोनवर त्या म्हणाल्या, "अगं, पदर उलटा करून पाहिला, तर मोराच्या पाठीला नुसते धागे लोंबतायत." हाताने विणलेल्या पदराला असं होत नाही. मोराच्या मानेचा हिरवा, पिसाऱ्याचा निळा, चोचीचा लाल, प्रत्येक रंगाची तिल्ली वेगळी असते आणि शेजारच्या रंगाचा धागा तिथल्या तिथे अडकवून ती परत फिरते. म्हणून मोर सुलट बाजूने जसा, तसाच उलट बाजूने दिसतो. यंत्रावर न लागणारा रंग मागच्या बाजूने मोकळा धावतो. मग तो कापतात किंवा त्यावर जाळी लावतात. आजींना हे माहीत होतं म्हणून त्या बोलल्या. ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनी आमच्या नावाला बोल लावला असेल.

पेज ज्या कंपनीच्या अ‍ॅपवर होतं, तिच्याकडे आम्ही तक्रार केली. खातं परत मिळवायचा कोड जाणार कुठे, तर जोडलेल्या नंबरवर, म्हणजे आयोजकांच्याच फोनवर. सायबर पोलिसांकडे अर्ज दिला, बनावट पेज म्हणून तक्रारी नोंदवल्या, ओळखीच्यांना नोंदवायला सांगितलं. शेवटी ते पेज बंद झालं. पण त्याबरोबर सगळी गिऱ्हाइकंही गेली, कारण त्यांचे निरोप, पत्ते, आवडीनिवडी त्या पेजच्या आतच होत्या. ज्यांचे नंबर जाऊबाईंनी वहीत लिहून ठेवले होते, तेवढीच उरली. आमचा धंदा पुन्हा उभा राहिला तो त्या वहीवर.

आधी खातं, मग बाकी सगळं

पेज, ईमेल, मोबाइल नंबर, तिन्ही आपल्याच नावाचे हवेत. ईमेल नसेल तर कार्यशाळेत पहिलं काम ते करून घ्यावं. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी आणि परत मिळवण्याचे कोड कागदावर लिहून कपाटात ठेवावेत. पेज चालवायला कुणाची मदत घ्यायची असेल तर पासवर्ड द्यावा लागत नाही. फेसबुक, इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक सोयीत दुसऱ्याला ठरावीक कामापुरता प्रवेश देता येतो आणि तो केव्हाही काढूनही घेता येतो. हे न शिकवता जो 'पासवर्ड माझ्याकडे राहू द्या' म्हणतो, त्याच्याकडे शिकू नये.

जाहिरातीवर, म्हणजे 'बूस्ट'वर खर्च करायचा तर तो आपल्या खात्यातून, रोजची मर्यादा घालून. आणि गिऱ्हाइकाचं नाव, गाव, फोन, त्यांनी काय घेतलं, हे दर आठवड्याला वहीत उतरवावं. पेज गेलं तर नवं काढता येतं, पण माणसं पुन्हा जोडायला वर्षं लागतात.

सही करण्याआधी फॉर्म वाचा

नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कार्यशाळेत काढलेले फोटो आणि व्हिडिओ आयोजक कुठेही वापरू शकतील. त्या ओळीवर काट मारा किंवा 'फक्त कार्यशाळेच्या प्रसिद्धीसाठी' असं लिहून मगच सही करा. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार, आपण पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोचा हक्क आपला असतो. अशा एका सहीने तो हातचा जाऊ शकतो. चित्रकारांनी तर हे जपायलाच हवं. चित्र विकलं म्हणजे त्याचे कप, कॅलेंडर, टीशर्ट छापायचा हक्क विकला असं होत नाही. तो हक्क वेगळा, आणि द्यायचा असेल तर त्याची किंमतही वेगळी.

हिशोबपट्टी मागा

विंचूरच्या बाजार आवारात कांद्याची ट्रॉली घेऊन आलेला शेतकरी लिलाव डोळ्यासमोर बघतो आणि घरी जाताना त्याच्या हातात हिशोबपट्टी असते: वजन किती, भाव काय, कपात कशाची. ऑनलाइन दुकानात माल ठेवतानाही हीच पट्टी आधी मागायची.

उदाहरणादाखल बघा. साध्या काठाच्या एका साडीला रेशीम आणि जर धरून 5,500 रुपये लागले. बारा दिवसांची मजुरी दिवसाला 450 रुपयांनी 5,400. साडी पडली 10,900 रुपयांना. ती 12,000ला ठेवली तर वाटतं अकराशे सुटले. पण दुकानाचा वाटा 15 टक्के असेल तर 1,800 तिथेच गेले, पॅकिंग आणि पार्सलचे 300 गेले. हातात आले 9,900. म्हणजे ऑर्डर आल्याच्या आनंदात आपण स्वतःच्या मजुरीतले हजार रुपये घालवले. नुसता खर्च निघायचा तरी किंमत 13,200च्या आसपास हवी, त्यात नफा अजून धरलेलाच नाही. आणि साडी परत आली तर पार्सलचा भुर्दंड वेगळा. जिथे फॉलोअर कसे वाढवायचे एवढंच शिकवतात आणि हे गणित फळ्यावर मांडत नाहीत, तिथे अर्धंच शिक्षण मिळतं.

कराचंही विचारून घ्या. 1 ऑक्टोबर 2023पासून लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणी नसतानाही ऑनलाइन बाजारपेठांवरून राज्याच्या आत माल विकता येतो. त्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर नाव मात्र नोंदवावं लागतं. राज्याबाहेर अशा बाजारपेठेवरून विकायचं असेल तर आधी कर सल्लागाराला गाठा.

गिऱ्हाइकाला पारख शिकवा

आजींच्या फोननंतर आम्ही प्रत्येक साडीचा उलट बाजूचा फोटो टाकतो, पदर दोन बोटांनी धरून, जवळून. ज्याला खरं विकायचं आहे त्याने खरं कसं ओळखायचं हे आधी सांगावं. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, हातमागासाठी हॅण्डलूम मार्क आणि शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्क आहे. या खुणा कशा मिळवायच्या, हे कार्यशाळेत विचारा.

रंगाचं दुखणं वेगळंच. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की साडी धूपछाव होते. मोरपंखी साडी एका फोटोत निळी, दुसऱ्यात हिरवी दिसते आणि मग 'दाखवला तो रंग नाही' म्हणून परत येते. यावर आमचा उपाय असा: दिवसाच्या उजेडात साडी हळूहळू फिरवत छोटा व्हिडिओ काढायचा, तो गिऱ्हाइकाला पाठवायचा, आणि 'हाच रंग हवा' असं त्यांच्याकडून लेखी आल्याशिवाय पार्सल बांधायचं नाही. बांधताना आणि चिकटपट्टी लावतानाही व्हिडिओ काढून ठेवायचा. साडी वापरून परत आली किंवा बदलून दुसरीच आली, तर दाखवायला तोच पुरावा असतो. पार्सलचा विमाही उतरवावा.

पैशाची खबरदारी

पैसे घ्यायला पिन लागत नाही. 'पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं सांगणारा आपलेच पैसे काढून घेत असतो. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेत जमा दिसल्यावरच माल हलवावा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

जे फुकट आहे त्याला पैसे देऊ नका

उद्यम नोंदणीला सरकार एक रुपयाही घेत नाही. काही ठिकाणी 'प्रमाणपत्रासह पॅकेज' म्हणून तिचेच पैसे लावतात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे. त्यात वस्तूंची यादी, किंमत, फोटो सगळं नीट मांडता येतं. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचं 'इंडियाहॅण्डमेड' हे पोर्टल विणकर आणि कारागिरांसाठीच आहे. कुंभार, मूर्तिकार, टोपल्या विणणारे, खेळणी करणारे यांच्यासाठी 17 सप्टेंबर 2023ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत हातमाग विणकर नाहीत, पण जे आहेत त्यांना प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये भत्ता मिळतो. नाशिकचं जिल्हा उद्योग केंद्र आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र इथेही चौकशी करा. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागणी येत असेल तर पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्रांची माहिती घ्या. आयात-निर्यात कोड काढून घेतला की लहान पार्सलही रीतसर बाहेर पाठवता येतं.

मी कार्यशाळांच्या विरोधात नाही. आमच्या पिढीच्या विणकर बायांना कुणी विकायला शिकवलंच नव्हतं आणि त्याची किंमत आम्ही मजुरीत मोजली. शिकायलाच हवं. फक्त एक कसोटी लावा: कार्यशाळा संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, आयोजकांना फोन न करता, मला एक फोटो टाकता येईल का, एक किंमत काढता येईल का, एक पार्सल पाठवता येईल का? येत असेल तर फी वसूल झाली. 'तुम्ही फक्त विणा' असं कुणी म्हणालं तर त्याला तिथल्या तिथे सांगा की विणता आम्हाला येतंच, विकायला शिकवा.

आणि एकटीने जाऊ नका. मोबाइल हाताळणारी लेक, सून, जाऊ, कुणाला तरी बरोबर घ्या. फॉर्म एकीने भरायचा, दुसरीने वाचायचा. फी भरण्याआधी एक रात्र मागून घ्या आणि आधीच्या तुकडीतल्या दोघींना फोन करून एवढंच विचारा: तुमचं पेज आज कुणाच्या नावावर आहे?